विलायती गाडीने पिंपळखुट्याला

आमच्या चिपळुणात नागपूर म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, संत्री आणि ऊन. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे जाऊन आले, तेव्हापासून शाळेत, बाजारात, एस.टी.च्या रांगेत जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" खरं सांगायचं तर नागपुरातलं पाहण्यासारखं मी फार थोडं पाहिलं. एका जुन्या मोटारीचं पोट मात्र आतून, बाहेरून, वरून आणि खालून पाहिलं. तेच सांगते.

सक्करदरा

निर्मला माझी पुण्याच्या वसतिगृहातली मैत्रीण. मास्तरकीसाठी बी.टी. केलं त्या वर्षी आम्ही एका खोलीत राहिलो, आणि तेव्हापासून "नागपूरला ये गं" हे तिचं पालुपद चालू होतं. तिचं घर सक्करदऱ्याला, तलावापासून हाकेच्या अंतरावर. यजमान वसंतराव, त्यांचं सदर भागात कापडाचं दुकान. माणूस उंच, हसरा, पायजम्याला कायम वंगणाचे डाग. कापडाच्या व्यापाऱ्याच्या कपड्यांवर एवढे डाग कसे, याचं उत्तर अंगणात आंब्याखाली उभं होतं.

ती एक इंग्रजी बनावटीची सलून, म्हणजे बंद टपाची गाडी होती. गर्द निळी, लांबलचक, पुढे दोन परातींएवढे दिवे. छत्तीसगडकडच्या कुणा जमीनदाराच्या घरातून ती वसंतरावांकडे आली होती. आत शिरले आणि आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यात चपला घालून आलो की काय, असं वाटलं. समोर अक्रोडाच्या लाकडाची फळी, तिच्यात घड्याळासारखी पाच-सहा यंत्रं. त्यातलं एकच चालायचं, आणि तेही वसंतरावांच्या मते खोटं बोलायचं. पुढच्या बैठकीच्या पाठीला मागच्यांसाठी घडीची टेबलं, पाय ठेवायला मऊ पाट, मागच्या काचेला रेशमी पडदा. गाडी वळवायची झाली की दाराच्या खांबातून एक छोटा केशरी हात बाहेर यायचा. म्हणजे यायला हवा होता. आत अडकून बसला की वसंतराव खांबावर एक बुक्की हाणत.

"हिचे सुटे भाग इथे मिळत नाहीत," निर्मला म्हणाली. "ट्रकचं, ट्रॅक्टरचं, शिवणयंत्राचं, जे मिळेल ते हिच्या पोटात जातं. परवा माझा चिमटा गेला."

"चिमटा परत येऊन राहिला ना!" वसंतराव बॉनेटखालून म्हणाले.

त्या गाडीने आम्हाला पिंपळखुट्याला जायचं होतं. अमरावती रस्त्याने कोंढाळी गाठायची आणि तिथून आत कच्च्या वाटेने निर्मलाचं माहेर. तिथे तिचे वडील एकटे राहतात. पंच्याहत्तरीच्या घरात आलेले बाबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. संत्र्याच्या बागेत अजून चालतात, पण झाडांना हात लावत लावत. नागपूरचे डॉक्टर थंडीतच शस्त्रक्रिया करू म्हणतात, आणि बाबा दर थंडीत काहीतरी निमित्त काढतात. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा असाच उघडायला म्हणून गेला आणि कायमचा मिटला, ही त्यामागची गोष्ट. शेवटी मागच्या दसऱ्याला निर्मला फारच मागे लागली, तेव्हा म्हाताऱ्याने शब्द दिला.

"जवाईबापूची गाडी आपल्या पायानं माह्या दारात येऊन उभी राहिली, तं त्याच गाडीत बसून डोया दाखवाले येतो. नाई तं पुन्हा नाव काढाचं नाई."

हा शब्द देताना बाबा अगदी निर्धास्त होते. कारण तोवर गाडी दोनदा निघाली होती आणि दोन्हीदा बैलांच्या मागून परत आली होती.

वाडी

सकाळी निघायचं म्हणून मी पहाटेच तयार होऊन बसले. बटण दाबलं, गाडीने ‘टक्’ असा एक आवाज केला आणि गप्प झाली. मला वाटलं, संपलं. पण वसंतरावांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि आम्हा दोघींना म्हणाले, "चला, पाळणा हलवा." स्टार्टरचे दात इंजिनाच्या दात्यांत अडकले की गाडीला मागेपुढे झोके द्यायचे, म्हणजे ते सुटतात. दोन मास्तरणी कमरेला पदर खोचून गाडी हलवतायत हे पाहायला तलावावर फिरायला आलेले दोन गृहस्थ थांबले. चौथ्या-पाचव्या झोक्याला कुठेतरी ‘खट्’ झालं आणि पुढच्या दाबाला इंजिन सुरू झालं. एवढं मऊ, एवढं खोल, की बंद पडलेली हीच का, असा प्रश्न पडावा.

माझ्या बाजूचं दार वळणावर आपोआप उघडत असे. त्याला सुताची दोरी बांधून ती माझ्या हातात दिली होती. "उजवीकडे वळलो की ओढजा," अशी सूचना. आमच्याकडे होडीत बसून शीड असं धरतात, त्यामुळे मला काही जड गेलं नाही.

वाडीला शहर संपतं आणि ट्रकचं राज्य सुरू होतं. दोन्ही बाजूंना गोदामं, मालाच्या थप्प्या, भाड्याच्या खोल्यांच्या दारांत दात घासणारे ड्रायव्हर. त्या गर्दीत आमची राणी डौलात शिरली, आणि मधोमध बॉनेटच्या कडांतून वाफ यायला लागली. पंख्याचा पट्टा तुटला होता. मागे ट्रकचे भोंगे असे लागले की बोलायची सोय नाही.

रस्त्याकडेच्या एका गॅरेजमधून लुंगी नेसलेला, दाढी पांढरी होत आलेला एक मिस्त्री आला. लोक त्यांना रहीमभाई म्हणत. त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा साहेब, काय चीज हाय! अन् पट्टा पाहा, सुतळी झाली याची. गाडीले खाऊ घालता का नाई काही?"

"घालून राहिलो जी," वसंतराव म्हणाले, "पण तिले विलायती पायजे."

"आज देशी खाईल."

रहीमभाईंनी ट्रकचे तीन पट्टे लावून पाहिले. एक लांब, एक रुंद, तिसरा जेमतेम बसेल असा. तो बसवायला दोघेही गाडीत कमरेपर्यंत वाकले आणि पट्टा बाजूला राहून त्यांच्यातच वाद सुरू झाला. डायनामो बाहेर ओढून पट्टा ताणायचा की आहे तसाच राहू द्यायचा? बराच वेळ दोघांनी एकमेकांना समजावलं, आणि शेवटी दोघांनी मिळून निम्मा ताणला. तेवढ्यात रेडिएटरही एका जागी पाझरतोय असं दिसलं. रहीमभाईंनी समोरच्या किराणा दुकानातून हळदीची पुडी आणवली आणि पाण्याबरोबर रेडिएटरमध्ये ओतली. हळद फुगून बारीक भोकं बुजवते म्हणे. बुजवलीही! पुढे दिवसभर गाडी तापली की हळदीचा वास सुटायचा, जणू बॉनेटखाली कुणी वरणाला फोडणी देतंय.

हे होईपर्यंत निर्मलाने मला तर्रीपोहे खाऊ घातले. आमचे पोहे म्हणजे ओल्या खोबऱ्याचे, शांत. इथे पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक, तेलाचा तवंग आलेली आमटी ओततात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला कानांतून वाफ, आणि तिसऱ्यानंतर मी आणखी एक बशी मागितली.

निघताना रहीमभाई खिडकीशी वाकले. "कुठवर जाऊन राहिले?"

"सासऱ्याच्या दारापर्यंत," वसंतराव म्हणाले.

"मंग पोहोचानच. सासऱ्याच्या दारात इज्जतीचा सवाल असते."

कोंढाळीच्या पुढे

बाजारगावानंतर रस्ता चढउताराचा होतो. सागाची झाडं, मधूनच पांढरा झालेला कापूस, बायका ओटीत बोंडं वेचताहेत. तुरीला पिवळी फुलं, ज्वारीची कणसं दाणे भरून वाकलेली. कोकणातल्या माणसाला एवढी सपाट, एवढी मोकळी जमीन पाहून आधी धास्तीच वाटते. नजर अडवायला काही नाही. थोड्या वेळाने मात्र छाती मोठी झाल्यासारखं वाटायला लागतं.

एका खड्ड्यात माझी खिडकीची काच ‘सर्र’ करून दाराच्या पोटात उतरली ती परत वर आलीच नाही. वसंतराव म्हणाले, "राहू द्या, हवा खा." कोंढाळीपर्यंत मी हवा आणि धूळ दोन्ही खाल्ली.

कोंढाळीहून आत वळलो. बैलगाडीची वाट, मधे गवताचा पट्टा आणि दगड. वसंतराव गाडी पाण्यातून नेल्यासारखी हळूहळू नेत होते. पिंपळखुट्याच्या देवळाचं निशाण दिसलं. निर्मलाने माझा हात घट्ट धरला. आणि तेवढ्यात इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं.

या वेळी पाळण्याने काम होईना. पेट्रोल येतंय का पाहिलं, येत होतं. प्लग काढून पुसले, उन्हात ठेवले. तरी काही नाही. पलीकडच्या शेतातून एक शेतकरी बैलजोडी घेऊन आला. गावातलाच, निर्मलाला ‘ताई’ म्हणणारा.

"जुंपू काय? एवढ्यात पोहोचवून देतो," तो म्हणाला.

वसंतराव घाम पुसत उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मग निर्मलाकडे न बघता हळूच म्हणाले, "बाबांना दिसून तर नाही राहिलं. वळणापर्यंत बैल आणू. तिथून उतारच आहे, गाडी आपोआप दारात जाईल. त्यांना काय कळते? शेवटी डोळे त्यांचेच बरे होतील ना!"

मला तर ही युक्ती पटलीही होती. पण निर्मला गाडीतून उतरली.

"त्यांना दिसत नाही म्हणून फसवायचं? नाही. उद्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपतील ते आपल्या शब्दावर. तुम्ही बैल जुंपले तर मी इथूनच परत फिरते."

वसंतरावांनी बाह्या आणखी वर सरकवल्या. "ठीक आहे. मग ठिणगी कुठे मरून राहिली, ते पाहू."

ज्या डबीतून सगळ्या प्लगांना ठिणगी वाटली जाते, तिचं झाकण त्यांनी उघडलं. आतली ठिणगी देणारी दोन काळवंडलेली टोकं काडेपेटीच्या खरखरीत बाजूने घासली. तरी नाही. मग झाकणाच्या आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे पाहा! कोळसाच झिजून गेला." झाकणाच्या मधोमध कोळशाची एक बारीक कांडी असते. तिच्यातूनच वीज पुढे जाते. ती झिजून नाहीशीच झाली होती. आता त्या माळावर अशी कांडी कुठून आणायची?

"बॅटरीच्या सेलमध्ये असते की कांडी," मी म्हणाले. आमच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर सेल फोडून मुलांना दाखवतात, म्हणून ठाऊक. आणि आम्ही कोकणातली माणसं, विंचवाकाट्याच्या भीतीने बॅटरीशिवाय घर सोडत नाही. माझी पिशवीत होती.

सेल दगडाने फोडला. आतली कांडी बोटाएवढी जाड. वसंतराव, निर्मला आणि मी, तिघांनी वाटेतल्या दगडांवर तिचे तुकडे घासायला घेतले. वसंतरावांचा मोडला. माझा तिरपा झाला. निर्मलाचा बसला. तिचे दोन्ही हात काजळ पाडल्यासारखे काळे झाले होते. झाकण लावलं, बटण दाबलं. गाडी पहिल्याच दमात सुरू झाली! बैलवाल्याने जोरात शिट्टी मारली आणि बैल बिचकले.

पिंपळखुटा

बाबा ओसरीवर बसले होते. धोतर, बंडी, हातात काठी, मान थोडी वर करून कान लावलेले. गाडी फाटकातून आत जाऊन थांबली, तरी ते उठले नाहीत.

"कोनाचा ट्रक्टर हाय?"

"आमची गाडी आहे, बाबा," निर्मला म्हणाली.

"कोन ओढून आनली?"

"कोणी नाही."

ते काठी टेकत उतरले. हात पुढे करून गाडीला लावला. मडगार्डवरून, दिव्यावरून चाचपत हात बॉनेटवर आला आणि तिथेच थांबला. मग चटकन मागे घेतला. पत्रा पोळत होता.

"तापली हाय," ते म्हणाले. पुन्हा एकदा हात लावून म्हणाले, "म्हनजे खरंच आपल्या पायानं आली."

वसंतरावांनी निर्मलाकडे पाहिलं.

जेवायला पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि गोळाभात. बेसनाचे तिखट गोळे भातात, वर हिंगाची फोडणी. नारळाचा पत्ताच नाही, आणि मला त्याची आठवणही झाली नाही. भाकरी एवढी मोठी की मी अर्धीच द्या म्हटलं तर बाबांकडे स्वयंपाकाला येणारी बाई म्हणाली, "काहून वं बाई, तिकडं उपाशीच राह्यता काय?" दुपारी बाबांनी मला बाग दाखवली. दाखवली म्हणजे, प्रत्येक झाडापाशी थांबून ते फळ हातात धरायचे आणि नुसत्या वजनावरून सांगायचे, हे पिकलं, हे अजून आठ दिवस. तोडून माझ्या ओच्यात टाकायचे. मग एका झाडापाशी थबकून विचारलं, "रंग आला काय, पोरी?"

"आलाय बाबा, छान केशरी."

"असंन," ते म्हणाले. "म्या दोन वरसं झाली, पाह्यला नाई."

परतीची वाट

बाबांनी शब्द पाळला. सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, ट्रंक घेऊन गाडीत बसले. पायाखालचा मऊ पाट त्यांना पटेना. "पाय जमिनीवर नाई, तं माणूस बसला तरी कुठी?" गावातली निम्मी माणसं निरोपाला. बाबा सगळ्यांना सांगत होते, "येतो लवकर," पण आवाज नेहमीसारखा नव्हता.

कोंढाळीच्या जरा आधी तेच पहिल्यांदा म्हणाले, "जवाईबापू, पेट्रोलचा वास येऊन राहिला."

खरंच येत होता. कच्च्या वाटेवरच्या दगडाने टाकीला बारीक भेग पाडली होती आणि थेंब थेंब गळत होता. पेट्रोल असं महागलेलं, आणि आम्ही ते रस्त्याला पाजत चाललेले! इंजिन बंद करून सगळ्यांना दूर झाडाखाली नेलं. वसंतराव म्हणाले, "साबण पाहिजे." माझा साबण सक्करदऱ्याला. निर्मलाचाही. बाबांनी ट्रंक उघडायला लावली, आणि आतून दिवाळीच्या अभ्यंगाची वासाची वडी निघाली, अजून कागदातली.

"हे डाक्टराकडं न्याले ठेवली होती," ते खंतावून म्हणाले. "दवाखान्यात वासाची वडी पायजे ना."

वसंतरावांनी ती ओली करून कणकेसारखी मळली आणि गाडीखाली उताणे झोपून भेगेवर थापली. पेट्रोलने साबण विरघळत नाही, उलट घट्ट बसतो. थेंब थांबले. गाडीला मात्र मोगऱ्याचा वास येऊ लागला. पुढून हळद, मागून मोगरा. बाबा म्हणाले, "नवरीच निंगाली हे तं!" आणि सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

साबण बसेपर्यंत झाडाखाली संत्री सोलत बसलो. बाबांनी विचारलं, "काल बंद पडली होती, तं आतून काय काढलं?"

वसंतरावांनी कोळशाच्या कांडीची सगळी गोष्ट सांगितली. बैलांची युक्तीही सांगितली. ती लपवली असती तरी चाललं असतं, पण त्यांनी सांगितली. बाबा मान हलवत ऐकत होते.

"डाक्टरही तसंच काढते काय?"

"काढतात," निर्मला म्हणाली. "डोळ्यातलं धुरकट भिंग काढतात, आणि जाड चश्मा देतात."

"अन् काढल्यावर नाई जमलं तं?"

वसंतरावांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं. "मला नाही सांगता येत, बाबा. बहुतेकांचं जमते. तुमच्या भावाचं नाही जमलं."

बाबांनी फोडीची बी बाजूला थुंकली. "तुमची गाडी एवढ्या वेळा बंद पडली. तुमी भेले नाई काय?"

"भ्यालो ना. दरवेळी भ्यालो."

"तरी आनली."

"आणली."

"मंग मीही भेतभेतच येतो," म्हातारा म्हणाला आणि काठी टेकून उठला. "चाला. साबन सुकला असंन."

वाडीला रहीमभाईंच्या गॅरेजपुढून जाताना वसंतरावांनी भोंगा वाजवला. तो वाजला आणि वाजतच राहिला. तार काढेपर्यंत अख्ख्या वाडीला कळलं की सासरे आले.

दवाखाना

शस्त्रक्रियेच्या दिवशी निर्मलाने काही खाल्लं नाही. डाव्या डोळ्याला पट्टी, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. यातलं शेवटचं बाबांना अवघड गेलं, कारण वसंतराव रोज संध्याकाळी येऊन गाडीची नवी तक्रार सांगत. माझी सुट्टी संपत आली होती, पण पट्टी सुटेपर्यंत मी तिकीट पुढे ढकललं.

पट्टी काढली त्या सकाळी आम्ही तिघंही खाटेभोवती होतो. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चश्मा बाबांच्या नाकावर चढवला. बाबांनी आधी डोळा घट्ट मिटला, मग हळूच उघडला. खिडकीकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओळख नसल्यासारखी मान हलवली. मग त्यांची नजर निर्मलाकडे गेली आणि तिथेच राहिली. कितीतरी वेळ ते तिच्या कपाळावर, कानांशी काहीतरी शोधत होते.

"निर्मले," ते म्हणाले, "तुये केस कधी पिकले वं?"

निर्मलाने डोक्याला हात लावला. तिला हसूही आलं आणि दुसरंही काही आलं. "पाहता पाहता पिकले, बाबा."

बाबांची हनुवटी थरथरायला लागली तशी डॉक्टर रागावले, "अहो, डोळ्यांत पाणी आणायचं नाही, सांगितलं होतं ना!" ते एकट्या बाबांना बजावत होते. पण त्या खोलीत त्यांचं ऐकणारं कुणीच नव्हतं.